मनी मार्केट फंड, सव्वादोन वर्षं वापरून: एका टॉवेलवाल्याचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगतो, मी काय फायनान्सवाला नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आठ लूमचा टॉवेलचा कारखाना आहे, अण्णांनी सुरू केलेला, आता मी बघतो. आमच्या धंद्यात पैसा कसा येतो ते सोलापूरवाल्याला सांगायची गरज नाही. चार महिने पार्टी फोन उचलत नाही, मग दिवाळीच्या आगेमागे एका आठवड्यात तीन पेमेंट एकदम पडतात आणि आपल्याला वाटतं आपण लै मोठे झालो. खरं तर त्यातलं निम्मं सुताचं असतं, काही साईझिंगवाल्याचं, काही कामगारांच्या बोनसचं, काही जीएसटीचं. आपलं नसतंच ते, फक्त आपल्याकडं मुक्कामाला आलेलं असतं.

२०२३ च्या दिवाळीनंतर सीएकडं बसलो होतो तर तो स्टेटमेंट चाळत म्हणाला, "मालक, वर्षभरात करंट अकाउंटला सरासरी साडेपाच लाख पडून होते. बँकेनं तुम्हाला काय दिलं?" मी म्हणालो कॅलेंडर दिलं की. तो हसला नाही. करंट अकाउंटला व्याज शून्य, हे मला माहीत होतं पण कधी रुपयात मोजलं नव्हतं. सात टक्क्यानं साडेपाच लाखाचे वर्षाला साडेअडतीस हजार होतात. बोनसमधली दोन-तीन माणसं निघाली असती त्यात. तिथून हा मनी मार्केट फंडाचा प्रकार सुरू झाला, आणि आता सव्वादोन वर्षं झाली म्हणून लिहितोय, कारण मला तेव्हा मराठीत धड काही सापडलं नव्हतं. जे होतं ते एकतर "करोडपती व्हा" टाईप नाहीतर नुसत्या व्याख्या.

फंडाचं नाव लिहीत नाही, मुद्दाम. मोठ्या फंड हाऊसचे मनी मार्केट फंड एकमेकांसारखेच असतात, उन्नीस-बीस. हा रिव्ह्यू त्या प्रकाराचा आहे असं समजा.

आता हे असतं काय. सरकारला, बँकांना, मोठ्या कंपन्यांना थोड्या दिवसांसाठी पैसे लागतात, अगदी आपल्यालाच लागतात तसे. सरकार ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं काढतं, बँका सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट काढतात, कंपन्या कमर्शियल पेपर काढतात. आपल्याकडची हुंडी आठवा, अण्णांच्या काळात सुताच्या पेढीवर चालायची, त्याच जातीचा कागद. फंडवाला आपले सगळ्यांचे पैसे गोळा करून असे कागद घेतो. सेबीनं, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१७ च्या ऑक्टोबरमधे म्युच्युअल फंडांच्या कॅटेगरी ठरवून दिल्या त्यात लिक्विड फंडाला ९१ दिवसांपर्यंतचेच कागद आणि मनी मार्केट फंडाला एक वर्षापर्यंतचे कागद, असा नियम आहे. ओव्हरनाईट फंड तर एका दिवसाचाच. एवढं कळलं की अर्धं काम झालं, कारण कागद जेवढा लांबचा तेवढं व्याज बदललं की हलणार जास्त, आणि सहसा मिळणारही थोडं जास्त.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण मी स्वतः तिथं गोंधळलो होतो. यूट्यूबवर अमेरिकेचे व्हिडिओ बघून शिकायला जाऊ नका. तिकडच्या बहुतेक मनी मार्केट फंडात एका युनिटची किंमत कायम १ डॉलर ठेवायचा प्रयत्न असतो आणि व्याज वेगळं मिळतं. २००८ च्या सप्टेंबरमधे तिकडची लेहमन बँक बुडाली तेव्हा तिचे कागद असलेल्या रिझर्व्ह प्रायमरी फंडाचा तो डॉलर ९७ सेंटवर आला आणि हाहाकार झाला. शिवाय तिकडं मनी मार्केट अकाउंट नावाचं बँकेचं खातंही असतं ज्याला विमा असतो, ते वेगळंच. आपल्याकडं असलं काही नाही. ग्रोथ ऑप्शन (व्याज बाहेर न काढता आतच राहतं तो) घेतला की एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, सहसा रोज थोडी थोडी वर सरकते, बस. आणि विमाबिमा काही नाही, हे लक्षात ठेवा, पुढं परत सांगणार आहे.

मग शेअर का नाही? हा प्रश्न मला आमच्या पार्क चौकातल्या ग्रुपमधे दर रविवारी ऐकावा लागतो. "काय बे, पैसे झोपवून ठेवलायस का? मार्केट कुठं चाललंय बघ की." मी चहा पितो आणि गप्प बसतो. कारण माझं शिक्षण २०२० मधे झालंय आणि फी भरून झालंय.

जानेवारी २०२०. गड्डा यात्रेची गर्दी होती, दुकानदारांचे पेमेंट वेळेवर आलेले, हातात तीन लाख जादा. जादा कसले, मार्चच्या सुताचे होते, पण तोवर दोन महिने होते ना. एकानं सांगितलं चांगल्या कंपन्या घे, दोन महिन्यात दहा टक्के कुठं जात नाहीत. चांगल्याच घेतल्या, उगाच कंपन्यांना नावं ठेवणार नाही. सेन्सेक्स तेव्हा ४१-४२ हजाराला होता. २३ मार्चला एका दिवसात ३,९०० च्या वर पॉइंट पडून तो २६ हजाराच्या खाली गेला, दुसऱ्या दिवशी रात्री लॉकडाऊन जाहीर. कारखाना बंद, लूम बंद, पण कामगारांना घरी बसवून पगार द्यायचा होता, आणि सुतवाल्याचं जुनं देणं होतं तो रोज फोन करायचा, त्याचंही चूक नव्हतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विकले. तीन लाखाचे १ लाख ९८ हजार आले. आणि गंमत बघा, त्याच वर्षी दिवाळीत सेन्सेक्स जानेवारीच्या वर गेलेला होता. शेअर वाईट नव्हते ओ. मी त्यांना आठ महिने देऊ शकलो नाही, कारण त्या पैशावर आधीच दुसऱ्याचं नाव होतं.

म्हणून माझा हिशोब आता वेगळा आहे. पैसा हातात आला की पहिल्यांदा विचारायचं, याची तारीख काय. तारीख असेल, १५ मार्चचा अॅडव्हान्स टॅक्स, २० तारखेचा जीएसटी, दिवाळीचा बोनस, तर तो पैसा शेअरमधे जाणार नाही, कितीही कुणी छाती ठोकून सांगितलं तरी. तारीख नसेल, पोरीच्या पुढच्या शिक्षणाचे दहा-बारा वर्षांचे, तर ते मनी मार्केट फंडात ठेवणं हा मूर्खपणा, ते इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या यादीतले सगळे शेअर घेतो तो) दर महिन्याला जातात आणि मी ते उघडून बघत नाही. टॅक्स आणि महागाई वजा केली तर मनी मार्केट फंडात दहा वर्षांनी हातात काय राहणार, आपणच मोजा.

सोलापुरात पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, कधी जास्त. म्हणून प्रत्येक घरात खाली हौद आणि वर टाकी. टाकीतलं पाणी वाढत नाही म्हणून कुणी टाकीला शिव्या देतं का? नाही ना. तसंच हे. फक्त आमच्या बायकोचं म्हणणं असं की टाकी तरी दर सहा महिन्यांनी धुवायला लागते, तुमच्या फंडाकडं तुम्ही बघता का. त्यावर पुढं येतो.

आता बाँड. इथं लोकांची जास्त फसगत होते असं माझं मत आहे, शेअरपेक्षा जास्त, कारण शेअर पडतो हे सगळ्यांना माहीत असतं पण बाँड पडतो हे कुणाला माहीत नसतं. जुळे सोलापुरात आमचे मामा राहतात, रिटायर मास्तर. त्यांनी २०२१ मधे गिल्ट फंड घेतला, म्हणजे लांब मुदतीचे सरकारी बाँड घेणारा. सरकारी कागद, बुडणारच नाही, असं सांगून दिला होता कुणीतरी, आणि ते खोटं नाहीच, सरकार बुडत नाही. पण मे २०२२ मधे रिझर्व्ह बँकेनं अचानक रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, ४ वरून ४.४० केला, मग चढवत चढवत फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० वर नेला. मामांचा फंड सरकायचं नावच घेईना, मधे काही महिने तर खाली. मला फोन, "अरे सरकारी असून कमी कसं होतंय?"

मी त्यांना आमच्या भाषेत सांगितलं. "मामा, समजा मी एका पार्टीशी नऊ वर्षांचा करार केला, दरवर्षी शंभराला सहा रुपये दहा पैसे देणार. आता बाजारात नवीन माणूस साडेसात द्यायला लागला. तुमचा जुना करार कुणी शंभराला घेईल का?" ते म्हणाले नाही घेणार, स्वस्तात मागेल. बरोबर. किती स्वस्तात ते कॅल्क्युलेटरवर काढलं तर ६.१० टक्क्याचा, नऊ वर्षं उरलेला कागद बाजारात साडेसात झाल्यावर ९१ च्या आसपास येतो. म्हणजे शंभरामागं नऊ रुपये गेले, सरकार न बुडता. स्वतः कागद घेऊन नऊ वर्षं धरून बसलात तर शंभर मिळतातच, पण मामांचं वय एकाहत्तर, आणि फंड काय धरून बसत नाही, तो कागद बदलत राहतो. उलटंही होतं हां, व्याज उतरलं की हाच गिल्ट फंड उड्या मारतो. पण उड्या मारणारी वस्तू पाहिजे की नाही हे आधी ठरवावं ना माणसानं.

हेच गणित मनी मार्केट फंडाला लावा. कागद जास्तीत जास्त वर्षाचा, सरासरी त्याहून कमी. व्याज एक टक्का वाढलं तर अर्ध्या-पाऊण टक्क्याचा धक्का, आणि तोही काही महिन्यात भरून निघतो कारण जुने कागद मुदत संपून नव्या जास्त व्याजाचे येतात. एखाद्या दिवशी एनएव्ही तसूभर खाली आलेली मी बघितलीय, पहिल्यांदा घाबरलो होतो, आता नाही.

कंपन्यांचे बाँड हा आणखी एक अनुभव. सेबीनं २०२४ मधे काही बाँडची किमान किंमत दहा हजारावर आणली, तेव्हापासून मोबाईलवर अकरा-बारा टक्क्याच्या जाहिराती सुरू. मीपण एक लाख टाकले एका अॅपवरून, दीड वर्षाचा एका छोट्या फायनान्स कंपनीचा. नाव दोघांचंही सांगत नाही. व्याज दर महिन्याला बरोबर आलं, तक्रार नाही. पण सातव्या महिन्यात लूमची मोटर जळाली आणि पैसे पाहिजे होते, विकायला गेलो तर घेणाराच नाही. एक जण आला तो असा भाव सांगत होता की ऐकून मीच फोन ठेवला. शेवटी मुदतीपर्यंत थांबलो, पूर्ण मिळाले. तर अकरा टक्के उगाच मिळत नाहीत, त्यात एक भाग बुडायच्या भीतीचा असतो आणि एक भाग गिऱ्हाईक न मिळण्याचा. जाहिरातीत दुसरा भाग दिसत नाही.

बरं, मनी मार्केट फंड बुडू शकतो का? तोट्यात जाऊ शकतो, हो. २०१८ च्या सप्टेंबरमधे आयएलअँडएफएस कंपनीनं पैसे थकवले, तिला काही आठवड्यांपूर्वीपर्यंत सगळ्यात वरचं रेटिंग होतं, आणि तिचे कागद काही लिक्विड फंडातसुद्धा होते, त्यांची एनएव्ही एका दिवसात खाली आली. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पल्टन या फंड हाऊसनं सहा डेट फंड (असेच कर्जाचे कागद घेणारे फंड) एकदम बंद केले, लोकांचे पैसे अडकले, नंतर हप्त्याहप्त्यानं परत मिळाले पण वेळ गेला. त्या सहात मनी मार्केट कॅटेगरीचा नव्हता, पण अल्ट्रा शॉर्ट आणि लो ड्युरेशन नावाचे होते, म्हणजे नावात "शॉर्ट" आहे म्हणून सेफ असं काही नसतं. आत कागद कुणाचे आहेत ते बघायचं.

आणि हे बघणं वाटतं तेवढं अवघड नाही. डेट फंडांना दर पंधरा दिवसांनी आपला पोर्टफोलिओ जाहीर करावा लागतो. पीडीएफ उघडायची, त्यात सरकारी बिलं, मोठ्या बँकांची सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, ओळखीच्या मोठ्या कंपन्यांचे ए१ प्लस, म्हणजे सगळ्यात वरच्या रेटिंगचे कागद दिसले की ठीक. ज्या कंपनीचं नाव तुम्ही कधी ऐकलं नाही ती दोन-तीन ठिकाणी दिसली की दुसरा फंड बघा. शिवाय पीआरसी नावाचा नऊ खान्यांचा चौकोन असतो, त्यात ए म्हणजे क्रेडिट रिस्क कमी, सी म्हणजे जास्त, आणि आकडा एक म्हणजे व्याजाच्या चढउताराची रिस्क कमी, तीन म्हणजे जास्त. मी ए-एक किंवा बी-एक असेल तरच घेतो. सहा महिन्यातून एकदा बघतो, बायकोच्या टाकीच्या हिशोबानं.

निवडताना मी केलेली चूक सांगतो, ती बहुतेक सगळे करतात. अॅपवर एका वर्षाचा रिटर्न लावून जो सगळ्यात वर तो घेतला. २०२५ मधे तर हे लै फसवं होतं. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारीत रेपो ६.५० वरून ६.२५ केला, एप्रिलमधे ६, जूनमधे एकदम ५.५०, डिसेंबरमधे ५.२५. दर उतरले की फंडाकडच्या जुन्या जास्त व्याजाच्या कागदांचे भाव चढतात, त्यामुळं मागच्या वर्षाचा रिटर्न मस्त दिसतो, आणि नेमकं तेव्हाच पुढचं मिळणारं कमी झालेलं असतं. म्हणजे पाटी जुन्या भावाची आणि माल नवीन. बघायचं ते वायटीएम, म्हणजे आत्ताचे कागद मुदतीपर्यंत धरले तर वर्षाला किती टक्के सुटतील तो आकडा, फंडाच्या फॅक्टशीटमधे असतो, आणि त्यातून खर्चाचा रेशो वजा करायचा. राहील ते साधारण पुढच्या काही महिन्यांचं. डायरेक्ट प्लॅनमधे (मधे एजंट नसतो तो) खर्च पाव टक्क्याच्या आसपास किंवा आत असतो, रेग्युलरमधे जास्त. शेअरच्या फंडात हा फरक डोळ्याला दिसत नाही, इथं मात्र मिळणारच सहा-सात टक्के, त्यातून अर्धा टक्का गेला तर जाणवतो.

सर्विसचं म्हणाल तर खातं उघडायला पॅन, आधार, बँकेचं खातं, नॉमिनी, अर्ध्या तासात झालं. पैसे टाकताना लाखाला पाच रुपये स्टँप ड्युटी कटते, ती सोडा. माझ्या फंडाला एक्झिट लोड, म्हणजे पैसे काढताना कटणारा आकार, नाही. लिक्विड फंडात सात दिवसांच्या आत काढले तर अगदी किरकोळ कटतं.

काढायचा अनुभव मात्र एकदा कडू आला, आणि दोष माझाच. शुक्रवारी दुपारी पावणेचारला रिक्वेस्ट टाकली, डोक्यात असं की सोमवारी सकाळी पैसे. वेळ असते तीनची. तीन वाजून गेले की ती सोमवारची रिक्वेस्ट धरली जाते आणि पैसे मंगळवारी. सोमवारी सुताची गाडी दारात उभी आणि मी मेहुण्याला फोन करतोय, "दाजी, दोन दिवसासाठी ऐंशी हजार." दिले त्यांनी, पण राखीपौर्णिमेपर्यंत ऐकवत होते. लिक्विड आणि ओव्हरनाईट फंडात काही कंपन्या लगेच पैसे द्यायची सोय देतात, दिवसाला पन्नास हजार किंवा खात्यातल्या रकमेच्या नव्वद टक्के यातलं जे कमी असेल तेवढं. मनी मार्केट फंडात ती सोय नाही. म्हणून आता मी एक-दीड लाख लिक्विडमधे ठेवतो आणि बाकीचं मनी मार्केटमधे. फंड हाऊस तेच ठेवलं म्हणजे इकडून तिकडं करायला सोपं जातं.

टॅक्सचं कुणी नीट सांगत नाही. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाचा नफा, कितीही वर्षं ठेवा, तुमच्या स्लॅबनं लागतो. आधी तीन वर्षांनंतर इंडेक्सेशन, म्हणजे महागाईएवढी नफ्यात सूट, मिळायचं ते गेलं. माझं उदाहरण घ्या, सहा लाख पाच महिने ठेवले, साधारण साडेसतरा हजार सुटले. तीस टक्के स्लॅबवाल्याचे त्यातले जवळपास साडेपाच हजार सेससकट सरकारला. शेअरवर वर्षाच्या वर ठेवलं तर सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला टॅक्स नाही आणि वर साडेबारा टक्के, वर्षाच्या आत वीस टक्के. म्हणून वरच्या स्लॅबवाले काही लोक आर्बिट्राज फंड (शेअरचा रोख भाव आणि वायद्याचा भाव यातल्या फरकावर कमावणारा) वापरतात, त्याला शेअरसारखा टॅक्स लागतो, पण तो एखाद्या महिन्यात उणेही दिसू शकतो आणि माझ्यासारख्या तारीखवाल्या माणसाला ते झेपत नाही.

मग एफडीच का नको, असं अण्णांनी विचारलंच. त्यांचा जन्म एफडीत गेला. त्यांना मी उलट उत्तर दिलं नाही कारण त्यांचं बरंचसं बरोबर आहे. एफडीला पाच लाखापर्यंत डीआयसीजीसीचा, म्हणजे ठेवींचा विमा उतरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचा, विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी एक लाखच होता. फंडाला तसं काही नाही. व्याजही मोठ्या बँकेत साधारण तिथंच. फरक एवढाच की एफडी मधेच मोडली की बरेचदा दंड लागतो, आणि मला सहा लाखातले नेमके सत्तर हजार पाहिजे असतात, बुधवारी. फंडात तेवढेच काढता येतात आणि टॅक्सही तेवढ्यातल्याच नफ्यावर. टीडीएसही कापला जात नाही. आणि शेअर वर्षाच्या आत विकून तोटा झाला असेल तर या नफ्यातून तो वजा करता येतो, एफडीच्या व्याजातून नाही. पण अण्णांची एफडी मी मोडायला लावली नाही, लावणारही नाही. पंच्याहत्तरीत माणसाला पासबुकात छापलेला आकडा दिसायला पाहिजे, त्याची पण काहीतरी किंमत आहे.

स्वतः ट्रेझरी बिल घ्यायचं असेल तर रिझर्व्ह बँकेचं रिटेल डायरेक्ट आहे, नोव्हेंबर २०२१ पासून, दहा हजारापासून घेता येतं, लिलाव सहसा बुधवारी. मी एकदा ९१ दिवसांचं घेतलं. शंभराचं बिल शंभराच्या आत मिळतं, मुदतीला शंभर येतात, मधला फरक हेच व्याज. खर्च शून्य, सरकारी कागद. पण मधे लागले तर विकायची कटकट, म्हणून परत नाही घेतलं. ज्याची तारीख पक्की आहे, उदाहरणार्थ फ्लॅटचा हप्ता, त्याला हे फंडापेक्षा चांगलं.

२०२५ च्या ऑगस्टचं सांगायचं राहिलं. आमचा थोडा माल एका एक्सपोर्टरमार्फत अमेरिकेला जातो. २७ ऑगस्टपासून तिकडं आपल्या मालावर पन्नास टक्के ड्युटी लागली आणि त्यानं आठवडाभरात सांगितलं, ऑर्डर होल्ड. टॉवेल शिवून, घड्या घालून तयार, आणि उचलणार कोण? पुढं दिवाळी, बोनस. मार्च २०२० सारखंच पोटात गोळा आला. फरक एवढाच की यावेळी फंडात ७ लाख १० हजार होते आणि त्यांना काय झालेलं नव्हतं. पगार दिले, सुतवाल्याला निम्मे दिले, बोनस थोडा कमी दिला पण वेळेवर दिला. इंडेक्स फंडाला हात लावावा लागला नाही. नवी पेठेतल्या दोन जुन्या दुकानदारांना भाव पाडून माल दिला, पण पैसे रोख आले आणि ते परत फंडात गेले.

त्या रविवारी पार्क चौकात तोच मित्र, तोच चहा. म्हणाला, "तुझं बरंय बे, तुझे झोपलेले पैसे होते." मी म्हणालो, उठवले ना मग.

पाचपैकी चार स्टार देतोय. एक कापला तो टॅक्ससाठी आणि अर्धा त्या तीन वाजताच्या भानगडीसाठी कापणार होतो, पण घड्याळ बघणं माझं काम. ज्यांचा पगार महिन्याला येतो आणि महिन्यालाच संपतो त्यांनी यात डोकं घालायची गरज नाही, ऑटो स्वीप एफडी (खात्यातले जादा पैसे बँक आपोआप एफडीत टाकते ती) पुरते. ज्यांचा धंदा आमच्यासारखा, कांद्याचं आडत दुकान असो, शेंगा चटणीचं असो, मंगल कार्यालय असो, सीझनला येतात आणि बाकी वर्ष जातात, त्यांनी आधी दोन-तीन हजार टाकून, एकदा काढून बघावं, पैसे कधी येतात ते स्वतःच्या डोळ्यानं बघितल्याशिवाय मोठी रक्कम टाकू नये.

आत्ता माझ्या फंडात ४ लाख ३५ हजार आहेत. त्यातले नव्वद हजार १५ मार्चचे, दीड लाख सुताचे, बाकीचे नवीन लूमच्या टोकनचे. लूमवाला म्हणतोय गुढीपाडव्याला द्या. मी त्याला वार विचारला, गुरुवार आहे म्हणाला. म्हणजे मंगळवारी तीनच्या आत.